उघड्या तोंडाचं रडणं

नव्वद सालानंतर कोल्हापुरात आणि आसपासच्या खेड्यांत जे मराठी सिनेमे निघाले, त्यांतल्या कितीतरी सिनेमांत शालन आहे. लग्नात आहे, मयतीत आहे, जत्रेत आहे, पंचायतीपुढे बसलेल्या बायकांत मागच्या रांगेत आहे. पण तिला शोधायला बसाल तर सापडायची नाही. सापडेल तो एक पदर. काठाला धरून डोळ्यांवर ओढलेला, आणि त्याच्यामागे हलणारे दोन खांदे. ते खांदे म्हणजे शालन.

हे काम तिच्याकडे न मागता चालत आलं. मंगळवार पेठेत तिच्या घराशेजारी बायडाबाई राहायची. सिनेमावाल्यांना गर्दी लागली की बायामाणसं गोळा करून न्यायची, हा तिचा व्यवसाय. तोंडानं फटकळ, पण जीपमध्ये बसवलेली प्रत्येक बाई दिवस मावळायच्या आत घरी पोचवणार, त्यामुळे नवरेमंडळी बिनघोर. एकदा तिच्याकडची एक बाई तापानं पडली आणि बायडाबाई सकाळीच शालनच्या दारात येऊन उभी राहिली. नुसतं बसायचं आहे, काही बोलायचं नाही, घटकाभर करमणूक होईल, म्हणाली. शालनचा नवरा जोतीराम उचगावच्या बाजूला एका कारखान्यात लेथवर होता. तो कामावर निघतच होता. त्यानं डबा उचलता उचलता मान हलवली, आणि शालन सिनेमात गेली.

त्या दिवशी पाटलाचं मरण होतं. पाटील अंगणात आडवा झालेला, भोवती बायका. आता गंमत अशी, की रडा म्हटलं की माणसाला हसू येतं. एकीला फुटलं, मग दुसरीला, मग सगळ्या ओळीला. पदराआड सगळ्यांचे खांदे गदगदा हलत होते आणि दिग्दर्शक खूश, की काय रडताहेत बाया! शालन तेवढी खरी रडत होती. 'कट' झाल्यावर बाकीच्या उठून चहाला गेल्या, पण हिचे खांदे थांबेनात. शेवटी मेलेला पाटील उठून बसला आणि त्या बाईला कुणीतरी पाणी द्या म्हणाला.

तेव्हापासून रडायचा प्रसंग असला की बायडाबाईला निरोप यायचा, ती रडणारी बाई घेऊन या. बायडाबाईलाही मग तिचा अभिमान वाटू लागला.

शूटिंग म्हणजे शालनला जागेपणी पडलेलं स्वप्न वाटायचं. भर दुपारी खिडक्यांना काळी कापडं लावून रात्र करायची. बाहेर उन्हापुढे चंदेरी पत्रा धरून ते ऊन वळवायचं आणि सावलीत बसलेल्या नटीच्या गालावर नेऊन ठेवायचं. नवरी सासरी निघायची, पुन्हा दारात यायची, पुन्हा निघायची. एकाच दिवसात तीच ती मुलगी इतक्यांदा परकी व्हायची आणि इतक्यांदा माघारी यायची, की संध्याकाळपर्यंत शालनला खरं काय ते उमजेनासं व्हायचं. जीप रंकाळ्याच्या कडेनं परतताना पाण्यावर शेवटचं ऊन पसरलेलं असायचं. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून पेंगत असायच्या, आणि शालनला वाटायचं, आपल्यालाही कुणीतरी काळ्या कापडाआड बसवलं आहे, आत्ता कापड काढतील आणि आपण गावाकडच्या अंगणात असू.

ती खरी रडायची कशी, हे जोतीरामलाही ठाऊक नव्हतं. त्यानं थट्टेत विचारलं तर ती डोळ्यांत धूर जातो म्हणायची. खरं असं होतं, की रडा म्हटलं की शालनला एक पाठ दिसायची. तिच्या बापाची पाठ.

गारगोटीच्या पुढे, डोंगराच्या पायाशी तिचं माहेर. आई गेली तेव्हा शालन नुकती पावलं टाकायला लागली होती. बाप अण्णासो, तिचे आबा, त्यानंच तिला वाढवलं. दुसरं लग्न केलं नाही. चुलती भाकऱ्या करून द्यायची, पण वेणी बाप घालायचा. सकाळी धारा काढून आला की हात धुवायचा, तिला पुढ्यात बसवायचा आणि एक शब्द न बोलता, बैलाचा कासरा वळावा तशी घट्ट वेणी घालायचा. डोळे ताणले जायचे, डोकं दुखायचं, पण संध्याकाळपर्यंत एक केस सुटायचा नाही. शाळेत मुली हसायच्या. शालननं घरी कधी सांगितलं नाही.

अण्णासोचं तोंड म्हणजे कडी लावलेलं कवाड. पीक बरं आलं तरी तेच तोंड, बैल मेला तरी तेच तोंड. गावात त्याचं कुणाला नवल वाटत नसे, कारण थोड्याफार फरकानं सगळ्यांचीच कवाडं तशी. आमच्याकडचा माणूस मोठा मजेशीर आहे. भांडायचं तर भर चौकात, चार गल्ल्यांना ऐकू जाईल असं भांडणार. जेवायला बोलावलं तरी शेजारच्याला वाटावं, मारामारी चालली आहे. राग म्हणाल तर तो उघड्यावर वाळत घातलेला. पण हसू तोंडावर हात ठेवून, आणि रडू दाराआड. बाईला निदान पदर असतो. पुरुषाला काहीच नसतं, म्हणून तो पाठ फिरवतो. पुढे दोन हजार सालानंतर लग्नात व्हिडिओवाले आले, मुली कॅमेऱ्याकडे बघून रडायला शिकल्या, बापसुद्धा शिकले. ही गोष्ट त्याच्या आधीची आहे.

शालनची पाठवणी झाली त्या दिवशी वऱ्हाडाचा ट्रक दारात उभा होता. हौद्यात कॉट, ट्रंक, पितळेची घागर, सगळा संसार रचलेला. बायका रडत होत्या, शालन पदरात रडत होती. पदरातनं फक्त लोकांचे पाय दिसत होते. पाया पडायला ती बापाला शोधत गेली, तर बाप ट्रकच्या मागे सामानाचा दोर आवळत होता. दोर आधीच आवळलेला होता. शालननं मागूनच त्याच्या पायांना हात लावला. तो वळला नाही. "बरं, बरं," एवढंच म्हणाला आणि दोराला आणखी एक गाठ मारली. घामानं भिजलेली पैरण पाठीला चिकटली होती, एवढं तिनं पाहिलं. मग कुणीतरी तिला पुढे नेलं, ट्रक सुरू झाला, आणि तिनं डोळ्यांवरचा पदर काढला तेव्हा वळण येऊन गेलं होतं, गाव दिसत नव्हतं.

त्या घटकेपासून शालनच्या मनात एक गोष्ट राहून गेली. त्या वेळी आबांचं तोंड कसं होतं? आपण निघालो त्याचं त्यांना काही वाटलं की नाही? की एक काम उरकलं म्हणून ते मोकळे झाले? हे विचारता येत नाही. आई असती तर तिला विचारलं असतं. बापाला विचारायची गोष्ट नव्हे ही.

तिला एक स्वप्न पडायचं. वर्षातून दोनचारदा तरी पडायचंच. ट्रक उभा आहे, ऊन कलतंय, बाप दोर आवळतोय. ती आबा म्हणून हाक मारते. बाप दोर सोडतो. हळूहळू वळू लागतो. आधी खांदा, मग कान, मग गालाची कड, आणि एवढ्यात जाग यायची. खाली बोळात दूधवाल्याच्या किटल्या वाजत असायच्या. शालन चडफडत उठायची.

अण्णासो वर्षातून एकदा यायचा. सुगी झाली की भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन एस्टीनं यायचा, कॉटच्या कडेला टेकायचा, बशीतनं चहा प्यायचा. बरं हाय न्हवं, विचारायचा. हाय की, ती म्हणायची. मग तो जावयाबरोबर पाण्यापावसाचं बोलायचा आणि दुपारच्या गाडीनं परत जायचा. शालन चहा ओतताना, शेंगा ओतून घेताना त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. काही सापडायचं नाही.

सिनेमाचं तिनं त्याला सांगितलं नव्हतं. गावात सिनेमा म्हणजे एकच अर्थ, आणि तो चांगला नव्हे. अण्णासोची लेक शिनेमात नाचती, असं पारावर कुणी म्हटलं असतं तर बापाला मान वर करून चालता आलं नसतं. पण भीती नव्हती, कारण पदर होता. गारगोटीला तंबूत तिचे सिनेमे लागून गेले, गावानं ते बघितले, आणि कुणालाही पत्ता लागला नाही.

अशी सहासात वर्षं गेली आणि मुंबईहून एक नवा दिग्दर्शक आला. वयानं तरुण, बोलायला मऊ, ओरडणं नाही की शिवी नाही, त्यामुळे गर्दीतल्या बायका जरा बिचकूनच होत्या. त्याच्या सिनेमात पाठवणी होती. पन्हाळ्याच्या वाटेवर एक घर बघून मांडव घातला होता. त्याला नवरीच्या मागची माणसं हवी होती. माणसं म्हणजे तोंडं.

पहिल्या खेपेला शालननं पदर डोळ्यांवर घेतला. कट. दुसऱ्या खेपेला पुन्हा. कट. तिसऱ्या खेपेला तिच्या पदराला पिन मारून तो कमरेला खोचून टाकला, तर नवरी उंबऱ्याबाहेर आली तसा शालनचा रिकामा हात आपला आपण वर गेला आणि जिथं पदर असायला हवा होता तिथं, डोळ्यांपुढे, उभा राहिला. सगळा मांडव हसला. शालन ओशाळली. तिनं मुद्दाम केलं नव्हतं. हात तिला विचारून जात नव्हता.

दिग्दर्शक तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला. त्यानं विचारलं, "बाई, पदर कशाला घेता?"

"रडताना तोंड दिसतंय की वो."

"तेच तर मला हवंय."

शालन त्याच्याकडे बघतच राहिली. हा माणूस भल्या घरचा दिसतो आणि मागतोय काय! दूर खुर्चीवर नवरीचं काम करणारी नटी बसली होती. तिच्या डोळ्यांत ग्लिसरीन घालत होते आणि ती मान वर करून, सगळ्यांसमोर, पाणी गालांवर वाहू देत होती. मध्येच मेकअपवाल्याशी हसून बोलतही होती. शालनला वाटलं, हे म्हणजे दार उघडं टाकून अंघोळ करण्यासारखं आहे. तिनं बायडाबाईला हळूच सांगितलं, हे माझ्यानं व्हायचं नाही, मला मागं बसवा. बायडाबाई म्हणाली, आता एकवार बघ, नाहीतर दुसरी आणू.

मग नवरीच्या बापाचा शॉट होता. बापाचं काम करायला एक म्हातारा नट आला होता, दिवसभर खुर्चीत पेपर वाचत बसलेला. ऊन उतरलं होतं, मांडवाच्या झावळ्यांतनं उजेडाचे कवडसे खाली पडले होते आणि धूळ त्यांत तरंगत होती. नवरी बाहेर आली. बाप पुढे झाला. त्यानं पाठ फिरवली नाही. त्यानं लेकीला दोन्ही हातांनी धरलं, तिचं डोकं छातीशी घेतलं आणि सगळ्या मांडवादेखत, मोकळ्या तोंडानं रडू लागला.

शालन समोरच उभी होती. तिनं असं कधी पाहिलं नव्हतं. बापाची हनुवटी लहान मुलासारखी थरथरत होती. नाकाला आठ्या पडल्या होत्या. खालचा ओठ आत ओढला जात होता आणि सुटत होता. तोंड कुरूप झालं होतं, आणि ते लपवावं असं त्याला वाटतच नव्हतं. असं असतं होय, शालनच्या मनात आलं. लेक निघाली की बापाचं तोंड असं होतं. ट्रकच्या मागे, दोरावर वाकलेलं, तिला न दिसलेलं तोंड असंच झालं असेल का? ती बघत राहिली. हाताचा तिला विसर पडला. डोळ्यांतलं पाणी गालांवरून हनुवटीवर आलं, तिथून गळ्यावर उतरलं, आणि ती त्या नटाच्या तोंडावरून नजर काढू शकत नव्हती. दिग्दर्शकानं कॅमेरावाल्याच्या खांद्याला नुसतं बोट लावलं. कॅमेरा बाप आणि नवरीला सोडून हळूहळू तिच्याकडे आला.

कट झालं. मग दिग्दर्शक उठला आणि हाच शॉट हवा होता म्हणाला, हा राहणार, हा कापायचा नाही. शालननं पिन तोडून पदर ओढून घेतला, पण आता घेऊन उपयोग नव्हता. बायडाबाई जीपमध्ये तिच्या कानाशी लागून म्हणाली, "शालन, तुझं तोंड आता भिंतीएवढं दिसणार बघ."

वर्षभर शालननं ते मनात दाबून ठेवलं. कधी तिला गुदगुल्या व्हायच्या. भाकरी थापता थापता तिला आपलं तोंड दिसायचं, भिंतीएवढं, आणि खाली अंधारात बसलेली सगळी पेठ. कधी तव्यावरची भाकरी करपून जायची. हा सिनेमाही गारगोटीला जाणार. गाव बघणार. पदर नसलेली अण्णासोची लेक, परक्या माणसांच्या गर्दीत उघड्या तोंडानं रडणारी. आबांना दुसऱ्याकडून कळलं तर आपल्याला माहेर उरणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. कोल्हापुरात नुसते पोस्टर लागले तेव्हा ती रात्रंदिवस बेचैन झाली आणि शेवटी जोतीरामला सांगून एस्टीत बसली. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपण सांगायचं, एवढं तिनं ठरवलं होतं.

अण्णासो ओट्यावर बसला होता. डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. गारगोटीला शिबिर झालं होतं, त्यात डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. उजव्याला अजून वेळ आहे म्हणाले होते. शालननं चहा केला, बशी त्याच्या हातात दिली, चुलती आत गेलेली बघितली, आणि आमच्याकडची बाई बोलते तसं रांगडंच, एका दमात सांगून टाकलं.

"आबा, मी शिनेमात काम करतो. गर्दीतलं. आता एक शिनेमा येतोय, कोल्हापुरात पोस्टर लागल्यात, त्यात मी रडतो."

अण्णासोनं बशी खाली ठेवली. मग विचारलं, "तोंड दिसतंय?"

"दिसतंय."

तो उठला. ओटा उतरून गोठ्यात गेला. म्हशीचं दावं सोडलं आणि पुन्हा खुंट्याला बांधलं. पुन्हा ओढून बघितलं. शालन दारात उभी राहून बघत होती, आणि तिला पुन्हा तीच पाठ दिसत होती. एस्टीची वेळ झाली तरी तो गोठ्यातनं आला नाही. कोल्हापूरपर्यंत ती खिडकीला डोकं टेकून बसली आणि एका क्षणिक हौसेपायी आपण बाप घालवला, असं तिला वाटत राहिलं.

जोतीरामनं तिची समजूत काढली. म्हातारा माणूस, चार दिवस फुगून बसेल, मग येईल. पण चार दिवसांचे आठ झाले, मग महिना होत आला. तेवढ्यात गावाकडचा एकजण बाजारात भेटला आणि सहज बोलून गेला, अण्णासो डोळा दाखवायला कोल्हापुरात येऊन गेला की. बाप कोल्हापुरात येऊन गेला आणि घरी आला नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं. त्या दिवशी तिनं बायडाबाईला सांगून टाकलं, मला आता बोलवू नका.

सिनेमा लागला. शुक्रवारी पेठेतल्या बायका जाऊन आल्या, येऊन तिच्या दारात जमल्या, तू काय रडलीस गं, तू काय दिसलीस म्हणाल्या. शालन पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. ती बघायला गेली नाही.

रविवारी दुपारी ती भांडी लावत होती. दारात सावली पडली. अण्णासो उभा होता. धुतलेला पटका, नवी पैरण, आणि डोळ्यांवर डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा. हातात पोतं नव्हतं. सुगीही नव्हती. तो आत आला, नेहमीप्रमाणे कॉटच्या कडेला टेकला, पाणी प्याला. जोतीराम लगबगीनं पुढे झाला, मामा, निरोप तरी धाडायचा, म्हणाला.

"शिनेमाला चला," अण्णासो म्हणाला. "कुठं लागलाय मला ठावं हाय. मागं डोळा दाखवाय आलतो तवा तितला बोर्ड बघून गेलतो. त्यात तू न्हाईस."

त्यानं हे भिंतीकडे बघून सांगितलं. शालनला ते डोक्यात शिरायला वेळ लागला. बाप कोल्हापुरात आला होता आणि घरी न येता थिएटरपुढे उभा राहून, एका डोळ्यानं, बोर्डावर तिला शोधत होता.

तिघं चालतच निघाली. रस्त्यावर रविवारची दुपार पेंगत होती. दुकानांच्या फळ्या लावलेल्या, एखादी सायकल, एखादं कुत्रं. अण्णासो पुढे, जोतीराम त्याच्या शेजारी, शालन दोन पावलं मागे. बापाची पाठ पुढे चालली होती आणि तिला वाटत होतं, आपण पुन्हा त्या स्वप्नातच आहोत, आत्ता दूधवाल्याच्या किटल्या वाजतील. पण वाजल्या नाहीत. थिएटर आलं, जोतीरामनं तिकिटं काढली, आणि ती दोघांच्या मध्ये जाऊन बसली, डावीकडे नवरा, उजवीकडे बाप. दिवे गेले तसा अण्णासोनं काळा चष्मा काढून पैरणीच्या खिशात ठेवला.

सिनेमा पुढे सरकत होता. अण्णासो खांबासारखा बसला होता. लोक हसले तेव्हा हसला नाही, मारामारीला हलला नाही. शालनला सिनेमाचं काही कळत नव्हतं. ती पाठवणीची वाट बघत होती आणि ती येऊ नये असंही तिला वाटत होतं. मग मांडव दिसला. तेच कवडसे, तीच धूळ. नवरी उंबऱ्याबाहेर आली. तो म्हातारा नट पुढे झाला. त्यानं लेकीला छातीशी धरलं.

शेजारच्या खुर्चीचा हात करकरला. अण्णासोनं तो घट्ट धरला होता. शालननं मान वळवली.

पडद्यावरचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. आधी पिवळा, नवरीच्या शालूचा, मग मांडवाचा हिरवा. अंधारात आपल्याला कुणी बघत नाही, अशा समजुतीनं तो बसला होता, आणि त्यानं काही लपवलं नव्हतं. हनुवटी थरथरत होती. नाकाला आठ्या पडल्या होत्या. खालचा ओठ आत ओढला जात होता आणि सुटत होता. आयुष्यभर कडी लावलेलं ते कवाड सताड उघडं होतं, आणि आत काय होतं ते सगळं शालनला दिसलं. ट्रकच्या मागे दोर आवळताना हेच तोंड होतं. तिला त्याबद्दल आता शंका उरली नाही.

जोतीरामनं तिला कोपरानं ढोसलं. "अगं बघ की, तू हायस." मागच्या रांगेत कुणीतरी शालन, शालन म्हणत होतं. थिएटरात उजेड वाढला. तिचं तोंड पडद्यावर भिंतीएवढं झालं होतं, आणि त्या तोंडाचा पांढरा उजेड बापाच्या तोंडावर पडत होता. ती त्याच्याकडेच बघत राहिली. तिकडे वळलो तर हे निसटेल, हे तिला कळत होतं. मग उजेड बदलला, गाडीचा भोंगा वाजला, नवरी गेली. शालननं स्वतःला रडताना तेव्हा पाहिलं नाही आणि पुढेही कधी पाहिलं नाही. आठवड्यानं सिनेमा उतरला.

मध्यंतराचे दिवे लागायच्या आत अण्णासोनं चष्मा चढवला होता. दिवे लागले तेव्हा तो पूर्वीसारखाच ताठ बसलेला होता, तोंडावर काही नाही. लोक वळून वळून शालनकडे बघत होते. जोतीराम चहा आणायला उठला. बाप आणि लेक दोघंच राहिली.

"डाक्टर म्हणालता, उजेडाकडं बघू नगा," अण्णासो समोरच्या पांढऱ्या पडद्याकडे बघत म्हणाला. "डोळ्यातनं पाणी याय लागलंय."

"व्हय आबा," शालन म्हणाली.

तिनं आपल्या पदराचं टोक त्याच्या हातात दिलं. त्यानं ते घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि आधी डावा डोळा पुसला. मग उजवा पुसला. मग पुन्हा दोन्ही पुसले. डॉक्टरांनी डावाच डोळा केला होता. शालननं पदर त्याच्याकडेच राहू दिला.